सातवा फोटो

"बाय, माझ्याकडे बघ ना. त्या फोनात काय बघतेस?"

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. मोयरा गावची केळी विकणाऱ्या मावशींना विचारूनच फोटो काढत होते. दुपारचे बारा. ऊन डोक्यावर, त्यामुळे भुवयांची सावली थेट डोळ्यांवर. सहा फोटो काढले, सहाहींत डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे. शिवाय दुरूनच झूम केलेला. फोनचा डिजिटल झूम म्हणजे चित्र कापून मोठं करणं, चेहरा पार फुटला होता.

मग मावशी असं म्हणाल्या, आणि मी फोन खाली ठेवला.

त्यांना ताडपत्रीच्या कडेला बसायला सांगितलं. अगदी आत नाही, कारण निळ्या ताडपत्रीखाली चेहराही निळा पडतो. कडेला रस्त्यावरचा मऊ उजेड समोरून येतो. ओढणीने लेन्स पुसली, दोन पावलं पुढे गेले, फोनच्या स्क्रीनवर त्यांच्या चेहऱ्याच्या जागी बोट टेकवून उजेड जरासा कमी केला. हलव्याला केळं किती पिकलेलं हवं ते मावशी सांगत होत्या, तेव्हा सातवा फोटो निघाला. डोळे हसताहेत त्यात.

त्यांनी तो बराच वेळ पाहिला. मग विचारलं, "हा कागदावर देशील मला?"

घरी आल्यापासून तेच डोक्यात आहे. फोनमध्ये अनोळखी माणसांचे केवढे चेहरे आहेत, आणि त्यांतला एकही मी त्या माणसाच्या हातात दिलेला नाही.

पुढच्या शुक्रवारी प्रिंट घेऊन जाणार आहे. तुम्ही कधी कुणाला असा फोटो नेऊन दिलाय का?