अस्वलामागची बाई

कॅनडात टोरांटोजवळच्या मिसिसागाला ताईकडे पंधरा दिवस राहून नायगारा न बघता परत आले, म्हणून घरी अजून बोलणी खाते आहे. दोष माझा नाही, एका अस्वलाचा आहे.

पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे चारला टक्क जाग आली. खाली येऊन बघते तर भाचाही उठून बसलेला. "आईला सांगू नकोस" या अटीवर त्यानं जुनी कार्टून लावली. शेवटची नावं सरकली आणि पडद्यावर एक पांढरं अस्वल आलं, सोबत अक्षरं: नेल्व्हाना.

"हे अस्वलाचं नाव का रे?"

"हो मावशी." सात वर्षांच्या माणसाला शंका नसतात.

मी फोनवर शोधलं. अस्वलाचं नव्हतंच. १९७१ मध्ये टोरांटोत तिघांनी मिळून कार्टून बनवणारी कंपनी काढली, तेव्हा हे नाव त्यांनी विसरल्या गेलेल्या एका कॉमिक्समधून उचललं होतं. नेल्व्हाना ही बाई आहे. ध्रुवीय प्रकाशाचा राजा कोलिआक, त्याची मुलगी. आई साधी माणसातली. प्रकाशाच्या त्या झोतावर स्वार होऊन प्रकाशाच्याच वेगानं जाणार, वाटेल तेव्हा अदृश्य होणार, बापाच्या किरणानं धातू वितळवणार. १९४१ च्या ऑगस्टमध्ये ती छापून आली, म्हणजे वंडर वुमनच्या आधी. (जगातली पहिली सुपरहिरोईन असंही तिला कुणी म्हणतं, ते काही खरं नाही. अमेरिकेत फँटोमा १९४० मध्येच येऊन गेली होती.)

झालं, नायगारा तिथेच बारगळला.

नेल्व्हानाची ही सगळी भानगड डॉलरच्या टंचाईतून झाली, आणि मला यातलं तेच सगळ्यात आवडलं. दुसरं महायुद्ध चालू होतं. कॅनडाला अमेरिकेकडून लढाईचं सामान घ्यायचं, तर अमेरिकन डॉलर वाचवायला हवेत. म्हणून डिसेंबर १९४० मध्ये सरकारनं कायदा करून बिनगरजेच्या वस्तूंची आयात थांबवली. त्या यादीत कॉमिक्सही होती. सुपरमॅन, बॅटमॅन, सगळे सीमेपलीकडे अडकले आणि इकडे पोरं हवालदिल. मार्च १९४१ मध्ये व्हँकुव्हर आणि टोरांटो, दोन्हीकडून देशी कॉमिक्स निघालीसुद्धा. व्हँकुव्हरच्या अंकात कॅनडाचा पहिला सुपरहिरो होता, नाव आयर्न मॅन! आता सगळे ओळखतात तो नव्हे. हा त्याच्या बावीस वर्षं आधीचा, समुद्रात बुडालेल्या एका संस्कृतीतून वाचलेला. टोरांटोत सिरिल बेल नावाच्या माणसाचा पाट्या रंगवण्याचा धंदा होता, तोही यात उतरला. मुखपृष्ठ रंगीत आणि आत नुसती काळी शाई, म्हणून जमवणारे लोक या अंकांना 'कॅनेडियन व्हाइट्स' म्हणतात.

टोरांटोच्या दुसऱ्या एका प्रकाशकानं तर कॅप्टन मार्व्हलच्या अमेरिकन संहिता मागवल्या आणि चित्रं इथल्या चित्रकारांकडून नव्यानं काढून घेतली. बंदी छापील अंकावर होती, टाइप केलेल्या कागदावर नव्हती. हे वाचून मला परक्या देशात एकदम घरच्यासारखं वाटलं.

शोधाच्या पहिल्या दिवशी गो ट्रेननं (ही इथली लोकल) टोरांटोचं युनियन स्टेशन गाठलं, तिथून चालत किंग स्ट्रीटवर येऊन ५०४ नंबरची ट्राम धरली. इथे तिला स्ट्रीटकार म्हणतात. पश्चिमेकडे बरंच गेल्यावर जो शुस्टर वे लागतो. सुपरमॅनची चित्रं काढणारा जो शुस्टर १९१४ मध्ये याच शहरात जन्मला. लहानपणी तो 'टोरांटो डेली स्टार' विकायचा, आणि क्लार्क केंटच्या वर्तमानपत्राचं नाव सुरुवातीला डेली स्टारच होतं. डेली प्लॅनेट नंतर झालं. रस्ता छोटासा, आजूबाजूला नव्या फ्लॅटच्या इमारती. पाटीचा फोटो काढत होते तेव्हा कुत्रा फिरवायला निघालेल्या एका बाईंनी विचारलं, काय विशेष? मी सांगितलं. "अय्या, मला वाटायचं कुणी नगरसेवक असेल," अशा अर्थाचं त्या काहीतरी म्हणाल्या. (अय्या माझ्या पदरचं.) ज्याला एवढी कीर्ती आणि वर रस्ता मिळाला, त्याची ही गत. मग आमच्या नेल्व्हानाचं काय असणार?

ती मला भेटली कॉलेज स्ट्रीटवरच्या लिलियन एच. स्मिथ वाचनालयात. दाराशी ब्राँझचे दोन अजस्र प्राणी बसवलेत, एक पंखवाला सिंह आणि एक गरुडाच्या तोंडाचा. त्यांच्या पायाशी शाळेची पोरं डबे खात होती. तिसऱ्या मजल्यावर विज्ञानकथा आणि अद्भुतकथांचा संग्रह आहे. तिथे तिच्या सगळ्या गोष्टींचं जाडजूड पुस्तक मिळालं. २०१३ मध्ये दोन बायकांनी लोकांकडून वर्गणी जमवून ते पुन्हा छापायला घेतलं, नाहीतर वाचायचं कुठून?

तीन तास बसले. नेल्व्हाना काढणाऱ्या एड्रियन डिंगलची रेघ झकास आहे; काळ्या आकाशात पांढऱ्या प्रकाशाचे पडदे काढावेत तर यानं. रंग नव्हता म्हणून त्यानं शाईचंच आकाश केलं. पण काही गोष्टी घशाखाली उतरेनात. फ्रांझ जॉन्स्टन हा त्याचा चित्रकार मित्र उत्तरेत जाऊन आला होता, तिथे त्याच्या कानावर इनुइट, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी लोकांच्या कथा आल्या होत्या. त्यातल्या एका म्हातारीवरून नेल्व्हाना निघाली. डिंगलनं म्हातारीला तरुण केलं, केस लांब केले, झगा आखूड केला आणि चेहरा हॉलीवूडचा दिला. तिचा भाऊ टॅनेरो, त्याला शाप असा की गोऱ्या माणसानं त्याला बघता कामा नये, म्हणून गोरा समोर आला की त्याचा कुत्रा होतो. हे त्या काळी कुणाला खटकलं नसेल. मला ते पान उलटवेना. ज्यांची कथा, त्यांच्यातल्या कुणाची बोटं त्या शाईला लागलेली नव्हती.

मूळ अंक हातात घ्यायची हौस मात्र राहिली होती. ती फिटली शेवटच्या आठवड्यात, तळघरातल्या एका जुन्या कॉमिक्सच्या दुकानात. म्हाताऱ्या दुकानदारानं आधी माझे हात बघितले, मग प्लास्टिकच्या पिशवीतून अंक काढला. किंमत छापलेली १० सेंट. कागद चहात बुडवलेल्या टोस्टच्या रंगाचा, पिना गंजून त्यांच्याभोवती तपकिरी डाग. वास आजोबांच्या ट्रंकेचा. आत पान उलटलं आणि हसूच आलं: १९४० च्या दशकातल्या कुण्या पोरानं मेणाच्या खडूंनी नेल्व्हाना रंगवायला घेतली होती. केप लाल, बर्फ निळा. तीन पानं नेटानं रेषेच्या आत राहून, चौथ्यावर हिरवा फराटा, पुढे सगळं कोरं.

"रंगवलेला आहे म्हणून भाव पडला," दुकानदार कुरकुरला. पडलेला भावही माझ्या परतीच्या खरेदीच्या सगळ्या पैशांपेक्षा जास्त होता.

आमच्या लहानपणी इंद्रजालमधला वेताळ होता. तोही अमेरिकेतूनच आलेला, पण मराठी बोलायचा, म्हणून आपला वाटायचा. या पोरांना पाचएक वर्षं का होईना, स्वतःच्या गावात काढलेले हिरो मिळाले. जॉनी कॅनक तर लिओ बाखले नावाच्या विशीही न गाठलेल्या पोरानं काढला होता. त्याला ना उडता यायचं ना अदृश्य होता, तरी तो थेट हिटलरशी भिडला. मग युद्ध संपलं, आयात सुटली, सीमेपलीकडून चार रंगांत छापलेले अंक दुकानात आले. दुकानातल्या त्या अंकात पोरानं खडू घेऊन केलं ते अमेरिकेचा छापखाना आपसूक करून देत होता. देशी प्रकाशकांनीही रंग करून पाहिला, टिकले नाहीत. नेल्व्हाना शेवटची दिसली १९४७ मध्ये.

अंक परवडला नाही, पण दुकानदारानं खणातून पोस्टाच्या तिकिटांची एक पुस्तिका काढली. १९९५ ची, कॅनडा पोस्टची, ४५ सेंटची तिकिटं. सुपरमॅन, जॉनी कॅनक, आणखी दोघं, आणि नेल्व्हाना. ती मी घेतली. एक नेल्व्हाना, उरलेल्या रकमेची आजची तिकिटं, आणि आईला साताऱ्याला एक पोस्टकार्ड.

कार्ड माझ्यानंतर नऊ दिवसांनी पोचलं. आईचा फोन आला, पोस्टाचा शिक्का नेमका त्या बाईच्या तोंडावर बसलाय म्हणून.

"कोण गं ही?"

मी सगळं सांगितलं. उत्तर ध्रुव, प्रकाशाचा झोत, कुत्रा झालेला भाऊ, आखूड झगा.

"ध्रुवावर? आणि एवढासा झगा? अगं, गारठून मेली असती ती."