इंजिन मोठं केलं, आता जेट किती वाढवायचे?

उदाहरणाला होंडाची जुनी, एका कॅमची सीबी ७५० घेऊ. १९६९ पासूनच्या या चार सिलिंडरच्या, चार कार्ब्युरेटरच्या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ६१ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ६३ मिमी आणि क्षमता ७३६ सीसी. ६५ मिमीचे पिस्टन बसवले की ती ८३६ होते, म्हणजे साधारण साडेतेरा टक्के वाढ. मग बहुतेक जण कार्ब्युरेटरमधले जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक छिद्राचे भाग, त्याच हिशेबाने मोठे करतात आणि गाडी काळा धूर ओकायला लागते.

कार्ब्युरेटर सीसी मोजत नाही, तो हवेची ओढ मोजतो. बोअर वाढला की त्याच २८ मिमीच्या घशातून जास्त हवा जास्त वेगाने जाते, तिथला दाब आणखी उतरतो आणि आहे त्याच जेटमधून पेट्रोलही जास्त खेचलं जातं. त्यामुळे एअरबॉक्स (एअर फिल्टरची पेटी) आणि सायलेन्सर मूळचेच ठेवले असतील, तर मेन जेट (जास्त थ्रॉटलचा मुख्य जेट) एखाद-दुसरा टप्पा वर नेऊन काम भागतं. मोठे जेट लागतात ते बहुतेक वेळा पॉड फिल्टर (एअरबॉक्स काढून थेट कार्ब्युरेटरला लावलेले सुटे फिल्टर) आणि उघड्या सायलेन्सरमुळे. माझं मत स्पष्ट आहे: रस्त्यावर चालवायच्या गाडीचा एअरबॉक्स काढू नका.

या गाडीचे कार्ब्युरेटर केहिन कंपनीचे. केहिनच्या मेन जेटवरचा आकडा साधारणपणे छिद्राचा व्यास सांगतो. १०५ म्हणजे १.०५ मिमी. पण पेट्रोल जातं ते क्षेत्रफळातून, आणि ते व्यासाच्या वर्गाने वाढतं. १०५ वरून ११० वर गेलात की क्षेत्रफळ जवळजवळ १० टक्के वाढलं, ११५ ला २० टक्के. मिकुनीच्या षटकोनी जेटवरचे आकडे प्रवाहाचे असतात, तेव्हा दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका. ड्रिल घालून जेट मोठा करणं तर नकोच. छिद्राची कड बिघडते आणि चारही जेट कधीच सारखे राहत नाहीत.

कार्ब्युरेटरला हात शेवटी लावायचा. आधी थंड इंजिनवर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट (इनटेक ०.०५ मिमी, एक्झॉस्ट ०.०८ मिमी), इग्निशनच्या पॉइंटची गॅप ०.३ ते ०.४ मिमी, मग टायमिंग (ठिणगीची वेळ). इनटेकचे जुने रबर कडक होऊन चिरतात. स्लोवर चालू असताना जोडावर थोडा कार्ब क्लीनर मारा, फक्त गरम एक्झॉस्टपासून लांब. आरपीएम बदलला तर तिथून एअर घेतंय. ही गळती असताना लावलेला कुठलाही जेट चुकीचाच ठरतो.

आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते. हेड तेच आणि पिस्टनचा माथाही मूळच्याच आकाराचा असेल, तर ९:१ चं कॉम्प्रेशन १०:१ च्या थोडं वर जातं. लोडवर इंजिन टकटक करायला लागलं की लोक मिश्रण लीन (पेट्रोल कमी) आहे समजून जेट वाढवत बसतात. तिथे आधी टायमिंग आणि पेट्रोलचा ऑक्टेन बघा.

फ्लोट म्हणजे कार्ब्युरेटरच्या वाटीत पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग. त्याची उंची या गाडीच्या सुरुवातीच्या कार्ब्युरेटरना २६ मिमी. मोजताना कार्ब्युरेटर तिरका धरा: फ्लोटची जीभ पेट्रोल बंद करणाऱ्या सुईला नुसती टेकली पाहिजे, सुईतली स्प्रिंग दबता कामा नये. स्प्रिंग दबली तर माप खोटं येतं आणि पुढे पायलटपासून (स्लोच्या जेटपासून) मेनपर्यंत सगळं बिघडतं.

ताज्या बोअरवर सुरुवातीला फुल थ्रॉटल देऊन मेन जेट तपासता येत नाही, म्हणून रन-इनपुरता (नवे भाग बसेपर्यंत) तो मुद्दाम एक टप्पा मोठा ठेवा. नव्या रिंगांना लीन मिश्रणाची उष्णता सोसत नाही. रन-इन झाल्यावर थ्रॉटलच्या मुठीवर टेप लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करा. पाऊणच्या पुढे मेन जेट, पाव ते पाऊण नीडल (स्लाइडला लटकलेली निमुळती सुई), त्याखाली स्लाइडचा, म्हणजे मुठीबरोबर वर-खाली होणाऱ्या झडपेचा कट आणि अगदी सुरुवातीला पायलट. आधी मेन ठरवा, कारण नीडलही त्याच जेटमधून आलेलं पेट्रोल वापरते. फुल थ्रॉटलवरून मूठ किंचित मागे घेतल्यावर गाडीने जोर धरला, तर मेन लहान आहे. गाडी जड होऊन भकभक करते, गरम झाल्यावर आणखी बिघडते, तर मोठा आहे.

मग नीडल. क्लिप एक खाच खाली सरकवली की नीडल वर येते आणि मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) होतं. मध्येच अडखळत असेल तर त्याच थ्रॉटलवर चोक थोडा ओढून बघा: सुधारली तर लीन, बिघडली तर रिच. एका वेळी एकच बदल, आणि तो चारही कार्ब्युरेटरवर.

पायलटला हात घालण्याआधी व्हॅक्यूम गेजवर चारही जुळवून घ्या. टाकी उतरवावी लागते, तेव्हा पेट्रोलची वेगळी बाटली टांगा, आणि इंजिनसमोर मोठा पंखा हवाच. चारही आकडे पाऱ्याच्या २-३ सेंमीच्या फरकात आले की पुरे. शेवटी एअर स्क्रू, साधारण एक फेरा उघडा ठेवून सुरुवात करा. या गाडीच्या सुरुवातीच्या कार्ब्युरेटरचा स्क्रू हवेचा आहे, म्हणून आत फिरवला की रिच. ज्या कार्ब्युरेटरमध्ये तो इंजिनच्या बाजूला असतो, तिथे तो बहुधा पेट्रोलचा असतो आणि उलट चालतो. दोन फेरे उघडूनही स्लो सुधारतच गेला तर पायलट जेट एक टप्पा लहान करा, जवळजवळ बंद करावा लागला तर एक टप्पा मोठा.