तुम्ही विचारलंत म्हणून: 'बाई, शिकवता कधी?'

लग्नात पंगतीला बसलं की शेजारचा पाहुणा हमखास विचारतो, "परवा तुमच्या शाळेवरून गेलो होतो बाई. पोरं चिखलात खेळत होती. मग तुम्ही शिकवता कधी?" आपण हसायचं आणि मठ्ठा वाढून घ्यायचा. चौदा वर्षं हसले. आता लिहूनच टाकते.

पहिली गोष्ट, तो चिखल नव्हता. काळी माती होती, पोळ्याच्या आदल्या आठवड्यातली. सोमवारी मुलांनी तिचे बैल केले. पहिलीतल्या लेकराच्या बोटांत जोर नसतो, पेन्सिल घसरते. तो जोर आणायचा तर शंभर वेळा 'ग' गिरवून घेता येतो, नाहीतर बैलाचं शिंग वळायला देता येतं. शिंग मोडलं की पोरगं परत वळतं. 'ग' मोडला की रडतं. मंगळवारी तेच बैल ओळीने लावून शिंगं मोजली, मग पाय. दोनचा आणि चारचा पाढा दावणीलाच सापडला. गुरुवारी बैलांची बारशी केली. सर्जात रफार निघाला, ढवळ्यात जोडाक्षर. शनिवारी सकाळची शाळा, दप्तर नाही, वस्तीतून मिरवणूक. तुम्ही पाहिलंत ते एवढंच.

चार वर्ग आणि दोन शिक्षक, हे मात्र रस्त्यावरून दिसत नाही. साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक, असं शिक्षणहक्क कायद्यात आहे. कायदा मुलं मोजतो, वर्ग मोजत नाही. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी सरांकडे. सर मतदार यादीच्या कामाला गेले की चारही माझ्याकडे. खिचडीला मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, त्याचा हिशेबही मीच भरते. रेंज येते ती पिंपळाच्या पारावर, त्यामुळे पारावर बसलेली बाई मोबाईल बघत बसलीय, असंही गावात झालेलं आहे. असो.

बुधवार मुद्दाम मागे ठेवला. बुधवारी आम्ही शाळेत बाजार भरवला.

आमची शाळा बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरात. दसरा-दिवाळी झाली की निम्मी वस्ती ऊसतोडीला जाते. दुसरीतली एक मुलगी त्यातलीच. आई-बाप मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीला एक जोडी; मजूर नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, पावसाळ्यातच घेऊन झालेली. पोरगी दोन हंगाम त्यांच्याबरोबर फडात जाऊन आलेली. त्या दिवशी ती पोत्यावर लिंबं मांडून बसली होती, दहाला चार. सरांनी तिला मुद्दाम विचारलं, "पंचवीसची दे, किती येतील?" तिने वरसुद्धा बघितलं नाही. दहा लिंबं पुढे सरकवली आणि म्हणाली, "पिशवी आणलीय का?"

मी खूश. तेवढ्यात तपासणीला साहेब आले.

निपुण भारतचे दिवस; लहान वर्गांना वाचन-गणित पक्कं यावं म्हणून आलेली केंद्राची योजना. २०२१ ला योजना आली तेव्हापासून दुसरीच्या मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द वाचावेत, असं आमच्या डोक्यावर घड्याळ लागलेलं आहे. साहेबांनी बाजार पाहिला, एक लिंबू हातात घेतलं, त्या मुलीलाच फळ्याकडे बोलावलं. "सत्तेचाळीस लिही."

तिने ७४ लिहिलं.

साहेब रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. हसले आणि मला म्हणाले, "आठवडाभर करता काय हो तुम्ही?" म्हणजे तुमचाच प्रश्न.

तेव्हा मी काय सांगायला हवं होतं, ते आता घडाघडा येतं. सत्तेचाळीस म्हणताना कानावर आधी सात पडतो, मग चाळीस. तिने ऐकलं तसं लिहिलं. २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात 'चाळीस सात' असं वाचन दिलं, ते याच अडचणीसाठी. तेव्हा अख्ख्या महाराष्ट्राने त्याची टिंगल केली, आणि मीही केली. कुटुंबाच्या ग्रुपवर 'वीस चार तास' वगैरे विनोद पुढे पाठवले. आम्ही नाही का शिकलो सत्तेचाळीस, असं मी तावातावाने म्हणाले होते. शिकलो खरं. रोज, एकाच शाळेत, दहा महिने बसून शिकलो.

यातलं साहेबांना मी काहीच सांगितलं नाही. मी म्हणाले, "सर, ही नेहमी नसते. ऊसतोडीला जाते."

एकोणीस मुलांसमोर, ती हातात खडू घेऊन उभी असताना.

माझा बचाव असा: ते खरं होतं. एका मुलीवरून शाळेला शेरा बसू नये, हेही खरं होतं. आणि तरी मला माहीत आहे की मी स्वतःला वाचवलं. तिची लिंबं तिथेच पडली होती. 'सर, हिला पंचवीसची लिंबं मागा,' एवढं एक वाक्य मला सुचलं नाही. त्या रात्री मी स्वतःशी भांडले की साहेबांनी तरी फळ्यावरच का विचारावं. अजूनही भांडते. पण फळ्यावर यायलाच हवं ना? बाजारात आलं म्हणजे झालं, असं मी म्हणत असेन, तर मग तिने मुकादमाची वही वाचायचीच नाही का? इथे माझंच गाडं अडतं.

दुसऱ्या दिवशी दशकाचे गठ्ठे काढले. दहा काड्यांना एक रबर, असे चार, आणि सात सुट्ट्या. तिला जवळ बोलावलं. ती जागची उठली नाही.

"कामून गं?"

"मी नसतेच की, बाई."

रुसून नाही म्हणाली. एखादी माहिती सांगावी तसं म्हणाली.

दसऱ्यानंतर ती गेली. इथे हंगामी वसतिगृहात ठेवा, असं आईला मी दोनदा सांगून पाहिलं. "धाकटं कोण बघंल, बाई?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. जाईल तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी पत्रक भरून दिलं, सोबत काड्यांचा एक गठ्ठा आणि रबरं दिली. आई म्हणाली, "रबरं कामाला येतील."

तेव्हा, शिकवता कधी, याचं उत्तर मी सोमवारी एक देईन, बुधवारी दुसरं. तिचा मातीचा बैल अजून खिडकीत आहे. एक शिंग मोडलंय, ते कुणाला वळू दिलेलं नाही. परवा ठसेकाम आहे, मुलांना भेंड्या आणायला सांगितल्यात. रस्त्यावरून जाणार असाल तर हात रंगलेले दिसतील.