बर्फाची दीपमाळ, अपडेट ३: हात टिकले!

मागच्या फोटोत चारच थर उभे होते आणि दिवे ठेवायचे हात एकेक करून गळून पडत होते, तर आता सहावा थर चढलाय आणि नऊच्या नऊ हात आठ दिवस झाले जागचे हललेले नाहीत. जेजुरीच्या पायऱ्यांवरच्या दीपमाळा डोळ्यासमोर ठेवून सुरू केलं होतं, आता कुठे तसं दिसायला लागलंय, फार बरं वाटतंय.

इथे कॅनडात एडमंटनला सध्या रात्री उणे २२. ब्लॉक अजून पिकनिकच्या कूलरमध्येच करतोय, झाकण काढून अंगणात ठेवायचा बस. बाजूंनी आणि खालून थंडी शिरत नाही म्हणून पाणी वरूनच गोठत जातं आणि हवा, क्षार सगळं खाली ढकललं जातं. २० सेंमी जाडीला साधारण ५ दिवस. तळाचं पाणी गोठायच्या आत काढून घ्या, दुधाळ होतो तो तेवढाच भाग. चीनमधल्या हार्बिन शहरातले बर्फशिल्पवाले सोंगहुआ नदीतून डिसेंबरात लाद्या कापतात त्याही अशाच, नदी वरूनच गोठते ना.

हातांचं चुकत कुठे होतं, तर उणे २२ च्या ब्लॉकवर मी कोमट पाणी ओतत होतो. टक् करून आवाज यायचा आणि आतून जाळं पसरायचं. आता थर आधी गॅरेजमध्ये ठेवतो, वरची पांढुरकी झाक जाऊन आरपार दिसायला लागला की मगच पटाशी लावतो. हात बसवायला ३ सेंमी खोबण, हाताचं आणि खोबणीचं अशी दोन्ही तोंडं कोमट ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर घासून सपाट (फट अजिबात नको), मग बाहेर नेऊन बर्फासारखं गार पाणी ब्रशने लावायचं आणि दाबून धरायचं. हात थर खाली असतानाच बसवतो, चढवतो नंतर.

दिव्यांना हार्बिनचीच जुनी रीत, बादलीत गोठवून मधलं न गोठलेलं पाणी ओतून द्यायचं आणि पोकळीत मेणबत्ती. १९६३ ला तिथल्या झाओलिन पार्कात अशाच बर्फाच्या कंदिलांचं प्रदर्शन भरलं, हार्बिनचा बर्फ महोत्सव १९८५ पासूनचा. मी बादलीऐवजी छोटे सिलिकॉनचे कप वापरतोय, मस्त निघतात.

शनिवारी शून्याच्या वर जाणार म्हणतायत. ऊन लागलं की सांधे आधी सुटतात म्हणून दक्षिणेकडून पांढरी चादर बांधलीय. सातवा थर रविवारी रात्री, कळस अजून कोरायचाय.