निबंधाच्या वह्या
आज आठवीचे निबंध तपासले. विषय 'दिवाळीची सुट्टी'. बहुतेकांनी गाइडमधली पणत्यांची आरास उतरवली होती. शुद्धलेखन चोख, पण मुलं त्यात कुठेच नव्हती. एकीने मात्र लिहिलं होतं, आई-बाबा ऊसतोडीला सांगलीकडे निघाले, ट्रॅक्टरमध्ये आधी शेळी चढवली, मग भांडी. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका ओळीओळीला! तरी वर्गात सर्वांत जास्त गुण तिलाच दिले. लाल पेनाने पान रंगवलं नाही. यावेळी फक्त अनुस्वार दाखवले, वेलांट्या पुढच्या निबंधाला. समासात विचारलं, 'शेळी आधी का गं? तेही लिही.' गाइडवाल्यांना नापास नाही केलं हं. घरातली एक तरी खरी गोष्ट घालून पुन्हा लिहायला सांगितलंय.