रुआन लिंगयूचे उरलेले चित्रपट : सहा महिन्यांची नोंदवही

चिनी अभिनेत्री रुआन लिंगयूने १९२७ ते १९३५ या आठ-नऊ वर्षांत सुमारे तीस चित्रपटांत काम केले आणि ते जवळजवळ सगळे मूकपट होते. त्यांपैकी आज पाहता येतात ते हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच. तिच्याविषयी लिहिताना बहुतेक जण ८ मार्च १९३५ पासून, म्हणजे वयाच्या चोविसाव्या वर्षी तिने जीवन संपवले त्या दिवसापासून, सुरुवात करतात आणि मग प्रत्येक चित्रपटात त्या शेवटाची चाहूल शोधत मागे येतात. मी उलट मार्गाने जायचे ठरवले. उरलेले चित्रपट ज्या क्रमाने तयार झाले त्याच क्रमाने पाहायचे, प्रत्येक दोनदा पाहायचा, दुसऱ्या वेळी संगीत बंद ठेवायचे आणि केवळ अभिनयाविषयी नोंदी करायच्या, असा नेम मी जूनपासून पाळत आहे.

जून

पहिला महिना बराचसा पूर्वतयारीत गेला. रुआनचा जन्म १९१० साली शांघायमध्ये, मूळच्या ग्वांगदोंग प्रांतातल्या एका कष्टकरी कुटुंबात झाला. वडील ती लहान असतानाच वारले आणि आईने श्रीमंतांच्या घरी कामे करून तिला मुलींच्या शाळेत शिकवले. १९२६ साली, सोळाव्या वर्षी, ती मिंगशिंग या चित्रपट कंपनीत दाखल झाली आणि पुढच्याच वर्षी बू वानत्सांग यांच्या दिग्दर्शनाखाली तिचा पहिला चित्रपट आला. त्या कंपनीतले तिचे चित्रपट मला पाहायला मिळणार नाहीत. लिएनह्वा ही कंपनी १९३० साली उभी राहिली आणि तिथे सुन यू यांच्यासारखे दिग्दर्शक तिला लाभले, पण ज्या चित्रपटांनी ती त्या वर्षी खऱ्या अर्थाने प्रकाशात आली तेही हरवलेले आहेत. म्हणजे तिची उमेदवारी आपल्याला दिसतच नाही. आपली ओळख होते ती एकदम तयार अभिनेत्रीशी.

जुलै

पहिला चित्रपट १९३१ चा, ज्याच्या नावाचा अर्थ 'प्रेम आणि कर्तव्य' असा होतो. तो कित्येक दशके नष्ट झाला असेच मानले जात होते. मग त्याची एक प्रत थेट उरुग्वेमध्ये सापडली. शांघायमध्ये बनलेला मूकपट दक्षिण अमेरिकेत कुठेतरी सांभाळला गेला आणि त्यामुळेच आज आपण तो पाहू शकतो, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. मूळ कादंबरी एका चिनी गृहस्थाशी विवाह केलेल्या पोलिश लेखिकेची आहे, दिग्दर्शक बू वानत्सांग आणि नायक कोरियात जन्मलेला जिन यान.

हा चित्रपट अडीच तासांचा आहे आणि मी तो चार बैठकांत पाहिला, कारण एकाच बैठकीत नोंदी करणे शक्य झाले नाही. रुआन इथे शाळकरी मुलीपासून वाकलेल्या म्हाताऱ्या शिवणकामवालीपर्यंतचे आयुष्य उभे करते आणि त्याच स्त्रीच्या तरुण मुलीची भूमिकाही तिचीच आहे. वय वाढलेले दाखवताना ती केवळ रंगभूषेवर विसंबत नाही. खांदे थोडे पुढे येतात, पावले एकमेकांच्या जवळ पडू लागतात, आणि कुणाकडे पाहायचे झाले की आधी मान वळते, नजर मागाहून पोहोचते. मुलीच्या भूमिकेत हे सारे बरोबर उलटे होते. ती तेव्हा अवघ्या एकवीस वर्षांची होती.

इथे प्रतीच्या वेगाबद्दल एक सूचना करावीशी वाटते. मूकपट नेहमी एकाच ठरावीक वेगाने चित्रित होत नसत, त्यामुळे चुकीच्या वेगाने चढवलेल्या प्रतीत माणसे तुरुतुरु चालताना दिसतात. मी पाहिलेल्या पहिल्या प्रतीत असेच होत होते. वेग थोडा कमी करून तीच दृश्ये पुन्हा पाहिली, तेव्हा 'अतिरंजित' म्हणून नोंदलेल्या तीन जागा मला वहीतून खोडाव्या लागल्या.

त्याच वर्षीच्या दुसऱ्या दोन चित्रपटांविषयी थोडक्यात. एकात ती गुरे पाळणाऱ्या कुटुंबातली मुलगी आहे आणि जमीनदाराच्या मुलावरचे तिचे प्रेम शोकान्त होते. त्याच्या जाहिरातीसाठी तैवानमध्ये रचलेले गीत तिथल्या लोकप्रिय संगीताच्या इतिहासात महत्त्वाचे मानले जाते. दुसरा शेक्सपिअरच्या एका नाटकावर बेतलेला साहसपट आहे. तो मजेशीर आहे, पण रुआनला त्यात करण्यासारखे फार थोडे आहे.

ऑगस्ट

सुन यू यांचा १९३३ चा 'छोटी खेळणी'. रुआन इथे हाताने खेळणी घडवणारी खेड्यातली स्त्री आहे. नवरा जातो, लहान मुलगा चोरून विकला जातो, आणि पुढे जपानी आक्रमणाच्या धुमश्चक्रीत मुलगीही मरते. मुलीच्या भूमिकेत ली लीली आहे. तिचा मोकळा, खेळकर अभिनय आणि रुआनचा आवरलेला अभिनय एकमेकांना फार छान उजळवतात. शेवटाकडे रस्त्यावर खेळणी विकणारी ही आई एका श्रीमंत मुलाला खेळणे विकते. तो तिचाच हरवलेला मुलगा असतो आणि दोघेही एकमेकांना ओळखत नाहीत. फटाक्यांच्या आवाजाला ती तोफा समजून भान हरपते आणि लोकांना सावध करू लागते. हा शेवट काहींना प्रचारकी वाटतो. मला तो तसा वाटला नाही, कारण त्याआधीच्या दीड तासात ती इतकी जपून वागली आहे की तिचा हा एकमेव आक्रोश खरा वाटतो.

आवाजाविषयी इथेच लिहिते. कोल्हापुरात प्रभातचा 'अयोध्येचा राजा' १९३२ सालीच बोलू लागला होता, चीनमध्येही १९३१ साली हू दिये हिची भूमिका असलेला पहिला बोलपट आला होता, तरी शांघायचे मूकपट पुढे काही वर्षे चालूच राहिले. असंख्य चित्रपटगृहांत ध्वनियंत्रणा नव्हती आणि प्रांतोप्रांतीच्या बोलीही वेगळ्या. ही दिरंगाई मला मोठी देणगी वाटते, कारण मूक अभिनयाची सारी परिपक्वता तिथे याच वर्षांत साठली.

सप्टेंबर आणि ऑक्टोबर

हे दोन्ही महिने मी 'देवता' या एकाच चित्रपटाला दिले. मूळ नाव 'शेन-न्यू'; त्याचा एक अर्थ देवता आणि दुसरा, बोलीभाषेतला, वेश्या. दिग्दर्शक वू योंगगांग यांचा हा पहिलाच चित्रपट, १९३४ चा. त्याआधी ते नेपथ्याचे काम करत, आणि ते पहिल्या दृश्यातच जाणवते. दिवा, पाळणा, भिंतीला टांगलेले पोशाख एवढ्यावरून बाई कोण आहे ते कळते. तिला चित्रपटभर नाव नाही.

वहीतली तीन पाने एका प्रसंगाने भरली आहेत. पोलिसांपासून पळताना ती एका जुगारी गुंडाच्या खोलीत शिरते. तो तिला लपवतो आणि मग मोबदला मागतो. तिथे ती रडत नाही, हात जोडत नाही. टेबलावर बसते आणि सिगारेट पेटवते. भीती ओसरून त्या जागी एक थकलेला हिशेब येतो, आणि हा बदल चेहऱ्यावर नव्हे, तर पाठीच्या कण्यात दिसतो. पुढे त्या गुंडाच्या फाकलेल्या पायांमधून आई आणि मूल दिसणारी चौकट सर्वांना ठाऊक आहे, पण माझ्या मते चित्रपटाची खरी उंची मुलाच्या शाळेतल्या कार्यक्रमात आहे. मूल गाते, आईचा चेहरा फुलतो, शेजारच्या बायका कुजबुजू लागतात. रुआन तो आनंद एकदम पुसून टाकत नाही. हसू ओठांवर तसेच राहते आणि डोळे आधी विझतात. हे दृश्य मी अकरा वेळा पाहिले.

वर्षानुवर्षे उपलब्ध असलेल्या फिक्या प्रतींवर ज्यांनी हा चित्रपट पाहिला असेल, त्यांनी चीनच्या चित्रपट अभिलेखागाराने ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या साहाय्याने सुधारलेली प्रत अवश्य मिळवावी. ती २०१४ साली लंडनच्या महोत्सवात झौ ये यांच्या नव्या संगीतासह दाखवली गेली. रात्रीच्या रस्त्यावरचे काळे रंग तिच्यात खरोखर काळे आहेत.

नोव्हेंबर

त्साय चूशेंग यांचा 'नव्या स्त्रिया' फेब्रुवारी १९३५ मध्ये प्रदर्शित झाला. आय शिया या अभिनेत्रीने १९३४ साली जीवन संपवले होते, त्या घटनेवर तो आधारलेला आहे. त्यातल्या बदफैली वार्ताहराच्या चित्रणावरून पत्रकार चिडले, कंपनीला काही भाग कापावा लागला, आणि त्याच सुमारास झांग दामिन या रुआनच्या पूर्वीच्या जोडीदाराने गुदरलेल्या खटल्यामुळे तिचे खासगी आयुष्य वर्तमानपत्रांना आयतेच सापडले. न्यायालयात उभे राहण्याच्या आदल्या दिवशी ती गेली. चिनी लेखक लू शून यांनी त्यानंतर थोड्याच महिन्यांत वृत्तपत्रांच्या जबाबदारीवर लिहिलेला निबंध आजही वाचावा असा आहे. तिच्या नावावर प्रसिद्ध झालेल्या अखेरच्या पत्रांच्या खरेपणाविषयी वाद आहे, म्हणून त्यांतले एकही वाक्य मी वहीत उतरवून घेतलेले नाही.

हा चित्रपट नियमाप्रमाणे पाहणे मला जमले नाही, हे नोंदवले पाहिजे. रुग्णालयातल्या अखेरच्या दृश्यात नायिका जगायचे आहे असे ओरडते आणि तिचे शब्द पडद्यावर मोठमोठे होत पुढे येतात, तेव्हा नायिका कुठे संपते आणि रुआन कुठे सुरू होते हे मला सांगता येईना. दोन आठवड्यांनी दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा हेही दिसले की त्या दृश्यातही तिचा ताबा सुटलेला नाही; श्वास ती मोजून घेते आहे, उजवा हात ठरल्या जागीच उठतो आहे. दुःखात वाहून गेलेली बाई असे काम करू शकत नाही. ते आठ-नऊ वर्षे रोज कॅमेऱ्यासमोर उभे राहून कमावलेले कसब होते.

आता तिचा अखेरचा चित्रपट उरला आहे, तोही ली लीलीबरोबरचा. त्यानंतर १९९२ साली बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात मॅगी चेंगला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे रौप्य अस्वल मिळवून देणारा, रुआनच्या आयुष्यावरचा हाँगकाँगचा चित्रपट पुन्हा पाहायचा आहे, कारण त्यात मूळ दृश्ये आणि मॅगीने वठवलेली तीच दृश्ये शेजारी-शेजारी येतात. सिगारेटच्या प्रसंगात दोघींच्या खांद्यांची ठेवण ताडून पाहण्यासाठी वहीत एक पान कोरे सोडले आहे.