टायटॅनियमच्या फोर्जिंगमध्ये भट्टीचा आकडा का पुरत नाही

टीआय-६४ म्हणजे ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असलेला टायटॅनियम मिश्रधातू. साधारण ९९५ अंश सेल्सिअसच्या वर त्याची स्फटिक रचना पूर्ण बीटा होते, खाली अल्फा आणि बीटा या दोन्ही रचना असतात. ही सीमा म्हणजे बीटा ट्रान्झस. तो प्रत्येक हीटचा, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या मालाचा, थोडा वेगळा असतो आणि धातूत ऑक्सिजन जास्त असेल तर वर सरकतो. म्हणून भट्टी लावण्याआधी त्या हीटचं सर्टिफिकेट बघायचं, हँडबुक नाही.

आता हिशेब करू. बिलेट, म्हणजे फोर्जिंगसाठी तापवलेला ठोकळा, ९७० अंशांवर आहे आणि प्रेसने झटक्यात त्याची उंची निम्मी केली, म्हणजे ट्रू स्ट्रेन (उंचीच्या गुणोत्तराचा नॅचरल लॉग) ०.७. फ्लो स्ट्रेस, म्हणजे धातूला आकार बदलत ठेवायला लागणारा ताण, सरासरी १५० मेगापास्कल धरा. या कामाचा ९० टक्के भाग उष्णता होतो. घनता ४४३० किलो प्रति घनमीटर आणि विशिष्ट उष्मा ७०० जूल प्रति किलो प्रति अंश धरला तर तापमान ३० अंशांनी वाढतं. भट्टीचा काटा ९७० दाखवतोय आणि गाभा मात्र १००० ला, ट्रान्झसच्या पलीकडे! निवताना तिथे पट्ट्यापट्ट्यांची रचना तयार होते आणि डक्टिलिटी घटते. बाहेरून काहीच दिसत नाही. जॉब मधोमध कापून एच केला, म्हणजे आम्लाने रचना उघडी केली, तरच कळतं. अशा वेळी ९४५-९५० पासून सुरुवात करा, नाहीतर वेग कमी करा.

वेग फार कमी केला तरी पंचाईत. टायटॅनियममधून उष्णता फार हळू वाहते, त्यामुळे २००-३०० अंशांच्या डायला (साच्याला) टेकलेली कातडी निवते आणि आतून तिला ऊब मिळत नाही. मग कोपरे तडकतात, आणि थंड-गरम थरांच्या मध्ये शिअर बँड, म्हणजे सगळी घसरण एकवटलेले अरुंद पट्टे, पडतात. आयसोथर्मल फोर्जिंगमध्ये डायही बिलेटइतक्याच तापवतात, म्हणून हा त्रास नसतो; पण त्यासाठी निकेल सुपरॲलॉयच्या किंवा मॉलिब्डेनमच्या डाय लागतात, आणि मॉलिब्डेनमच्या असतील तर व्हॅक्यूम किंवा निष्क्रिय वायूही. खर्चाचं बोलायलाच नको.

हॉट कॉम्प्रेशन चाचणीत, म्हणजे छोटा नमुना गरम असताना दाबून बघताना, ताण-स्ट्रेनचा आलेख शिखरानंतर उतरला की 'रीक्रिस्टलायझेशन झालं' (नवे कण तयार झाले) असं लिहून मोकळं होण्याची सवय वाईट. त्या उतारात वरची ३० अंशांची उष्णताही असते, आणि अल्फाच्या पट्ट्या वाकून, तुटून गोल होणंही. १० प्रति सेकंद स्ट्रेनच्या वेगाचा आलेख आधी तापमानासाठी दुरुस्त करा. नमुना पिंपासारखा फुगला असेल तर घर्षणासाठीही. मगच ॲक्टिव्हेशन एनर्जी (ताण तापमानानुसार किती बदलतो त्यावरून काढायचा आकडा) काढायला बसा.